उशीखाली सरकवलेलं पुस्तक

*ताई, मी एकसष्ट वर्षांचा आहे. निवृत्त होऊन आठ महिने झाले. पत्नीच्या नोकरीची अजून दोन वर्षं बाकी आहेत. तशी तक्रार काही नाही. सोमवारी आठवड्याची भाजी आणतो, रात्रीचा स्वयंपाक आता मीच करतो. मंगळवारी ग्रंथालयात जातो. बुधवारी संध्याकाळी आम्हा सहा मित्रांची बैठक असते, गेली तीस वर्षं. शुक्रवारी दुपारी एकटाच गाणी ऐकतो. तरीही कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं की मी चाचरतो आणि "काही नाही, टाइमपास" म्हणून मोकळा होतो. पत्नीची किल्ली दारात वाजली की हातातलं पुस्तक उशीखाली सरकवतो, गाणं बंद करतो. ती दिवसभर राबून येणार आणि मी लोळत पडलेला, हे बरं दिसत नाही. शिवाय वाचनही धड होत नाही, चार पानांत अक्षरं पुसट होतात. भाजीत मीठ जास्त झालं, असं पत्नी महिन्याभरात तिसऱ्यांदा म्हणाली. बैठकीतही पूर्वीची मजा राहिली नाही. एक मित्र हल्ली विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायचा, आम्ही त्याची थोडी फिरकी घ्यायचो. तो तर दीड महिना आलेलाच नाही. मी कुठेतरी काम धरू का? — एक निवृत्त वाचक*

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा थांबले ती उशीपाशी. दुसऱ्यांदा त्या दीड महिन्यापाशी. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, आणि ते तुमच्या "टाइमपास" या शब्दात आहे.

कामाचं आधी सांगते. पैशांची गरज असेल किंवा एखाद्या कामाची मनापासून ओढ असेल, तर जरूर धरा. पण किल्ली वाजल्यावर पुस्तक लपवावं लागू नये एवढ्यासाठी धरणार असाल, तर नको. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्य ढवळून काढणाऱ्या ४३ घटनांची क्रमवार यादी केली होती. तिच्यात लग्न सातवं आहे आणि निवृत्ती दहावी. म्हणजे हवीहवीशी निवृत्तीसुद्धा माणसाला मुळापासून हलवते. आठ महिन्यांत सगळं जागच्या जागी बसायला हवं होतं, ही अपेक्षा तुम्ही स्वतःकडून करू नका.

आता उशी. तुमची पत्नी दार उघडून आत येते, तेव्हा खोलीत नुकतंच काहीतरी घाईनं थांबलेलं असतं. गाणं मध्येच तुटलेलं, चष्मा अजून नाकावर, उशी एका बाजूला उचललेली. हे तिला दिसत नसेल असं मला वाटत नाही. पुस्तकाचं तिला काही वाटतही नसेल. पण आपण आलो की नवरा काहीतरी लपवतो, एवढं मात्र रोज तिच्यापर्यंत पोहोचत असणार. आणि भाऊ, रात्रीचा स्वयंपाक तुम्ही करता, हे पत्रात तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलं आहे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला आयतं गरम ताट मिळणं काय असतं, हे मला माहीत आहे. मी स्वतः कित्येक वर्षं घरी आल्यावर पदर खोचून ओट्याशी उभी राहिले आहे. तुम्ही तिच्या संध्याकाळचे दोन तास मोकळे केले आहेत. तेव्हा उद्या गाणं चालू राहू द्या, पुस्तक हातातच असू द्या. आणि मनातलं तिला सरळ सांगा: "तू राबतेस आणि मी घरी बसतो, याचं मला ओझं वाटतं." उत्तर काय येईल हे मी सांगू शकत नाही. तिलाही थकवा असेल, थोडा हेवाही असेल. असेल तर तो बोलून निघू द्या. घरातलं आणखी काही तुमच्याकडे यावं असं तिला वाटत असेल, तर तेही कळेल.

पण खरं पत्र मला लिहायचं आहे ते तुमच्या मित्राबद्दल.

तुम्ही नोकरीत होता तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस दीड महिना आला नसता, तर तुम्ही काय केलं असतं? तिसऱ्या दिवशी फोन केला असता, आठवड्याभरात घरी जाऊन आला असता. इथे तीस वर्षांचा मित्र दिसेनासा झाला आणि तुम्ही त्याची नोंद "मजा राहिली नाही" या शब्दांत केलीत. तुम्ही निष्ठुर आहात असं मी मुळीच म्हणत नाही. बुधवारला तुम्ही टाइमपास ठरवलंत, म्हणून त्यातली गैरहजेरी तुम्हाला गैरहजेरी वाटली नाही.

विचारलेल्याचं भलतंच उत्तर, हे वाचून मला आई आठवली. जेवताना सगळे हसले की आईही हसायची, पण क्षणभर उशिरा. आधी आमच्या तोंडांकडे बघायची, मग हसायची. तिला विनोद ऐकूच येत नव्हता, हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत ती हळूहळू गप्प होत गेली, आणि आम्ही म्हणत राहिलो की वयामुळे तिचं लक्ष नसतं. याची खंत मला आजही आहे.

वयानं ऐकू येणं कमी होतं, तेव्हा सहसा सगळा आवाज एकदम लहान होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. मग साठ, आठ आणि पाठ सारखेच वाटतात. माणसाला वाटतं, ऐकू तर येतंय, लोकच पुटपुटतात. हळू बोललं तर पोहोचत नाही आणि ओरडलं तर कानाला टोचतं. त्यात सहा जण एकाच वेळी बोलत असतील, मागे पंखा आणि भांड्यांचा आवाज असेल, तर त्या माणसाला संध्याकाळभर कोडं सोडवत बसावं लागतं. तो दमतो. चुकीचं उत्तर देतो. त्यावर मित्र हसतात. मग एका बुधवारी त्याला घरीच राहावंसं वाटतं.

तुमच्या मित्राचं हेच झालं असेल असं मी इथे बसून ठरवू शकत नाही. कारण दुसरंही असेल: आजारपण, पैशांची अडचण, घरातलं काही. म्हणून तर जायला हवं. फोन नको, कानाचाच प्रश्न असेल तर फोनवर त्याला आणखी जड जाईल. एकटे जा. समोरासमोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे, म्हणजे त्याला ओठ दिसतील. ओरडू नका, सावकाश बोला. एखादं वाक्य पोहोचलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा. आणि फिरकी घेतल्याबद्दल माफी मागा, "अरे, गंमत होती" असं म्हणून ती अर्धी करू नका. ऐकू येत नाही असं त्यानं कबूल केलं, तर कानाच्या डॉक्टरांकडे तुम्हीच सोबत जा. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि काम तिथेच होतं. श्रवणयंत्र लागलं तरी त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि नेमक्या त्याच काळात बरेच जण ते खणात टाकून देतात. तेव्हा सोबत लागते. हे टाळण्यासारखं नाही. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी जी १२ कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या आयोगानं २०२० मध्ये मांडली, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे.

नवे मित्र जोडता येतील, असंही कुणी तुम्हाला सांगेल. येतील. पण जेफ्री हॉल या अमेरिकी प्राध्यापकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळखीचं जवळच्या मैत्रीत रूपांतर व्हायला २०० तासांहून जास्त सहवास लागतो असं दिसलं. आठवड्याला दोन तास धरले तर साधारण दोन वर्षं. तीस वर्षांचा मित्र परत आणायला एक संध्याकाळ लागेल.

बैठकीची जागाही बदलून बघा. गोंगाटाच्या ठिकाणाऐवजी कुणाच्या तरी घरी, पडदे आणि चादरी असलेल्या खोलीत बसा, तिथे आवाज घुमत नाही. एका वेळी एकानं बोलायचं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. अक्षरं पुसट होतात त्याला आळस म्हणू नका. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. चष्म्याचा नंबर तपासा, मोतीबिंदूचंही विचारून घ्या, आणि खांद्यामागून पानावर पडेल असा दिवा लावा. खुर्चीत बसून वाचा, अंथरुणावर डोळा लागणारच. मिठाचं म्हणाल तर वयानं वास आणि चव मंदावते, आपल्याला अळणी लागतं ते दुसऱ्याला खारट असतं. मीठ मोजून घाला आणि वरून लिंबू पिळा, आंबटपणानं चव उठते. पत्नीच्या जिभेवर विश्वास ठेवा.

शुक्रवारच्या गाण्यांना मी हात लावणार नाही. ते तुमचं आहे. फक्त एक विचारते, तो मित्रही गाण्यातला आहे का? असेल, तर सहा जणांच्या बुधवारआधी त्याला एकट्याला शुक्रवारी घरी बोलवा. दोघंच, शांत खोली, दोघांनाही पाठ असलेलं जुनं गाणं. पाठ असलेलं गाणं कानानं थोडं सोडलं तरी मन भरून काढतं. तो ठेका धरतो का, ते बघा. आणि पत्नी आली की तिच्यासाठीही खुर्ची ओढा.

काय झालं ते मला कळवा. मी वाट बघते.

तुमची ताई