मालदीवला ऑगस्टमध्ये डायव्हिंगला जावं का?

तुम्ही विचारलंय, ऑगस्टची तिकिटं स्वस्त मिळतायत, पण पावसाळ्यात पाणी गढूळ असतं असं ऐकलंय, मग स्कुबासाठी जावं का? मी दोनदा पावसाळ्यातच गेलोय. बिनधास्त जा, आणि बा अटॉलला जा. अटॉल म्हणजे कंकणासारखी पसरलेली प्रवाळी बेटं.

ते पाणी चिखलाने नाही, प्लँक्टनने, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांनी गढूळ होतं. आपल्याकडे पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे समुद्राचं पाणी पूर्वेकडे ढकलतो, म्हणून या दिवसांत अटॉलच्या पूर्वेला प्लँक्टन दाटतं आणि पश्चिमेला पाणी त्यामानाने स्वच्छ राहतं. हनीफारू ही पूर्वेकडची छोटी खाडी. भरतीचं पाणी आत शिरलं की प्लँक्टन तिथे कोंडून राहतं आणि ते खायला मांटा रे येतात. आपले कोळी ज्याला पाकट म्हणतात, त्याच्याच जातकुळीतला हा मासा, पण पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर आणि शेपटीला नांगी नाही.

पहिला मांटा सरळ माझ्याकडेच आला. तोंड एवढं उघडं की आतल्या कल्ल्यांच्या फटी दिसत होत्या. हातभर अंतरावर आल्यावर तो पोट वर करून वळला. पोटावर काळे ठिपके होते. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो.

एक मात्र आधीच सांगतो, हनीफारूत स्कुबाला बंदी आहे, तिथे फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या वरवर पोहायचं. बुडबुडे आणि गर्दीने मांटा बिथरतात, त्यामुळे हा नियम मला मनापासून पटतो. टाकी लावून उतरायचं ते आसपासच्या थिलांवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळी टेकड्यांवर. खोलीची मर्यादा 30 मीटर.

जाण्याआधी पाण्यात तरंगत स्थिर राहायला नीट शिका, इथल्या पोहण्याच्या तलावात सराव केलात तरी चालेल. 1998 आणि 2016 साली समुद्र तापून तिथलं प्रवाळ पांढरं पडलं, बरंचसं मेलं. जे पुन्हा वाढतंय ते वर्षाला मोजके सेंटिमीटर. माझ्यासमोर एकाच्या पायातल्या फिनचा (पोहायच्या वल्ह्यासारख्या जोड्याचा) फटका बसला आणि वीतभर फांदी तुटून खाली पडली. अजून वाईट वाटतं.

तिकीट काढताना पंचांग बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मांटा जास्त दिसतात. आणि शेवटच्या डाइव्हनंतर परतीच्या विमानापर्यंत 24 तास मोकळे ठेवा.