गाडीच्या वायरिंगला सोल्डर कुठे लावावे आणि कुठे लावू नये

नमस्कार. नागपूरच्या हिंगणा मार्गावर तुम्ही नुकतेच दुरुस्तीचे दुकान सुरू केले आहे, एका छोट्या मालवाहू गाडीच्या हेडलाइटच्या वायरचा जोड तुम्ही तीन वेळा सोल्डर केला आणि तिन्ही वेळा तो तुटला, म्हणून आता सोल्डर सोडून थिंबल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) दाबावी का आणि गाडीवरच सोल्डरिंग करताना नेमकी कोणती काळजी घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे काम वाडीच्या बाजूला असून ट्रक, टिपर आणि पिकअप गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा विषय मला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण एका चुकीच्या जोडामुळे संपूर्ण हार्नेस (गाडीच्या वायरांचा जुडगा) जळालेला मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिला आहे. म्हणून उत्तर थोडे लांबले तरी सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नातच एक वाक्य असे आहे की त्यात बहुतेक उत्तर दडलेले आहे. तार जोडावर तुटत नाही, जोडापासून दोन-तीन मिलिमीटर पुढे, प्लास्टिकच्या आवरणाच्या आत तुटते, असे तुम्ही लिहिले आहे. गाडीची वायर अनेक बारीक तांब्याच्या केसांची बनवलेली असते ती लवचिक राहावी म्हणूनच. सोल्डर वितळले की ते दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे या केसांच्या मधल्या फटींतून आवरणाखाली चढत जाते, आणि जेवढ्या भागात ते चढले तेवढा भाग एकसंध, ताठ काडीसारखा होतो. पुढची वायर मऊ आणि मागची ताठ, अशी सीमारेषा तयार झाली की इंजिनाच्या कंपनाचे सगळे वाकणे त्याच एका रेषेवर येते आणि एकेक केस तुटत शेवटी सगळी वायर सुटते. तुम्ही दर वेळी ‘मजबुतीसाठी’ अधिक सोल्डर घातलेत, म्हणजे ही ताठ काडी दर वेळी अधिक लांब केलीत. उमरेडच्या कोळसा खाणींकडे फेऱ्या करणाऱ्या एका टिपरच्या मागच्या दिव्यांच्या वायरिंगवर मीही सुरुवातीच्या काळात हीच चूक केली होती. जोड चकचकीत दिसत होते आणि पंधरा दिवसांत चार जोड आवरणाच्या आत तुटले.

म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा, की सोल्डर वीज वाहून नेण्यासाठी असते, ओढ सहन करण्यासाठी नसते. कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू मुळातच मऊ असतो. जोडाची यांत्रिक ताकद तारांच्या गुंफणीतून, थिंबलच्या दाबातून आणि दोन्ही बाजूंनी बसवलेल्या क्लिपांमधून आली पाहिजे. वाहननिर्माते कारखान्यात हार्नेस तयार करताना बहुतेक ठिकाणी दाबलेले टर्मिनल वापरतात, त्यामागे वेगाबरोबरच हेही एक कारण आहे.

थिंबल वापरायची ठरवली तर ती साध्या पकडीने चेपू नका. दाब पूर्ण झाल्याशिवाय न सुटणारे रॅचेटचे क्रिम्पिंग टूल घ्या आणि वायरच्या जाडीला जुळणारीच थिंबल निवडा, 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरवर 2.5 ची थिंबल चेपली तर आत हवा राहते, ओल शिरते आणि तांबे हिरवे पडते. वायरच्या टोकाला आधी सोल्डर लावून मग ती थिंबलमध्ये दाबण्याची किंवा स्क्रूखाली आवळण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, ती मात्र कृपया बंद करा. दाबाखाली मऊ सोल्डर हळूहळू सरकत जाते, काही आठवड्यांत पकड सैल होते आणि सैल पकड म्हणजे उष्णता. बॅटरीच्या आणि सेल्फच्या जाड केबलवर तर मी सोल्डरवर कधीच विसंबून राहत नाही. सेल्फ मारताना तेथून शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह जातो. जोड थोडा जरी खराब असला तरी तो तापतो, आणि 63/37 प्रमाणाचे (63 टक्के कथील, 37 टक्के शिसे) सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळून गळून पडते. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या जोडांनाही हेच लागू आहे.

सोल्डर जिथे योग्य आहे, म्हणजे डॅशबोर्डच्या आत, कमी कंपनाच्या जागी, किंवा चांगली थिंबल मिळत नाही अशा बारीक वायरला, तिथे जोड असा करा. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, आणि काम संपल्यावर तीच सर्वांत शेवटी लावा. पॉझिटिव्ह आधी खोलताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. नंतर वायर सोलून तांबे पाहा. ते काळे पडलेले असेल तर कितीही पेस्ट लावली तरी सोल्डर धरणार नाही. उजळ तांबे लागेपर्यंत वायर मागे कापा आणि कमी पडलेल्या लांबीसाठी त्याच जाडीचा तुकडा जोडा. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव (उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी) जोड करण्यापूर्वीच वायरवर ओवून दूर सरकवून ठेवा. दोन्ही टोके समोरासमोर आणून मध्यभागी एकमेकींत अडकवा आणि प्रत्येक टोक दुसऱ्या वायरवर घट्ट गुंडाळा, म्हणजे सोल्डर नसतानाही जोड हाताने ओढून निघणार नाही. त्यानंतर तापलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक खालून तारेला लावा आणि सोल्डर वरून तारेवर धरा. तांबे पुरेसे तापले की सोल्डर स्वतःच ओढले जाते. इस्त्रीच्या टोकावर सोल्डर वितळवून ते थंड तारेवर थापले तर ड्राय जोड तयार होतो, जो वरून गोळ्यासारखा छान दिसतो आणि आतून सुटा असतो. काम पूर्ण झाल्यावर तारेच्या केसांचे वळण सोल्डरखाली स्पष्ट दिसले पाहिजे. ते दिसत नसेल तर सोल्डर जास्त झाले आहे.

येथे इस्त्रीच्या ताकदीबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मोबाइल दुरुस्तीची 25 वॉटची इस्त्री 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरवर वापरली तर तांबे उष्णता दूर वाहून नेते, टोक थंड पडते आणि तुम्ही वीस-वीस सेकंद इस्त्री टेकवून ठेवता. तेवढ्या वेळात आवरण वितळते आणि सोल्डर आणखी आत चढते. 60 वॉटची, तापमान ठरवता येणारी इस्त्री 350 अंशांच्या आसपास ठेवून तीन-चार सेकंदांत काम उरकणे वायरसाठी अधिक सुरक्षित आहे. शिसेविरहित सोल्डर साधारण 217 ते 220 अंशांना वितळते, त्यासाठी इस्त्री थोडी वाढवावी लागते. जुन्या शिशाच्या जोडावर शक्यतो शिशाचेच सोल्डर वापरा. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ, फक्त राळेचा, म्हणजे रोझिन कोअरचा असावा. रेडिएटर आणि पत्राकामाचा आम्लयुक्त फ्लक्स वायरिंगला लावला तर जोड पहिल्या दिवशी उत्तम दिसतो आणि एका पावसाळ्यात तो फ्लक्स तांबे आतून खाऊन टाकतो.

स्लीव दोन्ही बाजूंना मूळ आवरणावर किमान एक सेंटिमीटर चढली पाहिजे, आणि कडांमधून गोंद थोडा बाहेर आलेला दिसला पाहिजे. साधी काळी टेप नागपूरच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर असताना बंद बॉनेटखाली तिचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि उघडा जोड बॉडीला लागतो. शेवटी जोडाच्या दोन्ही बाजूंना, चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरावर, वायर क्लिपने हार्नेसला किंवा ब्रॅकेटला बांधा, म्हणजे जोड असलेला भाग हलणारच नाही. तुमच्या तिन्ही प्रयत्नांत बहुधा हीच पायरी राहिली असावी.

आता जोखमीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत जास्त काळजी वाटणारा भाग तोच आहे. गाडीवरच इस्त्री लावण्यापूर्वी पेट्रोलचा वास येतो का, हे थांबून पाहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि गाडीखालच्या खड्ड्यात साचते. एलपीजीचेही तसेच आहे, तर सीएनजी हलका असल्यामुळे छताखाली जमतो. कार्ब्युरेटर उघडा असेल, टाकी काढलेली असेल किंवा शेजारच्या गाडीचे भाग पेट्रोलने धुतले जात असतील, तर त्या जागी सोल्डरिंग करायचे नाही. चार्जिंगवर असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरेशी असते. चार्जरचे टेबल आणि सोल्डरिंगचे टेबल एकमेकांपासून लांब ठेवा. पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. इस्त्री सीटवर किंवा फेंडरवर ठेवू नका, लोखंडी स्टँड सोबत घेऊनच गाडीकडे जा. गाडीखाली झोपून, वरच्या जोडाला सोल्डर लावताना चष्मा अनिवार्य आहे, कारण वितळलेला थेंब सरळ डोळ्यात पडतो. कातडी भाजलीच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट किंवा ग्रीस लावू नका.

धुराबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. तो पांढरा धूर शिशाचा नसतो, कारण त्या तापमानाला शिसे फारसे वाफेत जात नाही. तो राळेचा असतो आणि राळेच्या धुरामुळे काम करणाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकीयदृष्ट्या मान्य झालेले आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर थेट अंगावर घेऊन काम करण्याची सवय असते. तो झोत इस्त्रीवर आला तर टोक थंड होते आणि पाठीमागून आला तर धूर तुमच्या तोंडासमोरच घोटाळतो, म्हणून कूलर बाजूने लावा आणि एक लहान पंखा धूर दाराकडे ओढून नेईल असा ठेवा. शिसे शरीरात जाते ते मुख्यतः हातांवाटे. सोल्डरची तार बोटांत धरून काम केल्यावर तसेच तर्री-पोह्यांची प्लेट हातात घेणारी मुले मी रोज पाहतो आणि रोज उठवून साबणाने हात धुवायला लावतो. सोल्डरची तार दातात धरू नका, आणि कामाचे कपडे घरी लहान मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

नव्या गाड्यांमध्ये काही वायर अशा आहेत की त्यांना हात लावण्यापूर्वी कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल वाचलेच पाहिजे. पिवळ्या कपलरची एअरबॅगची वायर त्यांपैकी पहिली. तिच्यावर ओहम मोजण्यासाठी मल्टिमीटर लावणेही धोक्याचे आहे, आणि बॅटरी काढल्यानंतर किती वेळ थांबायचे हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. अनेक उत्पादक या वायरचा जोड करण्यास परवानगीच देत नाहीत. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांमधील नारंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्या तर प्रशिक्षण नसलेल्या माणसाने उघडूच नयेत. कॅन बसच्या (गाडीतील संगणकांमध्ये संदेश नेणाऱ्या) पिळलेल्या दोन वायरचा जोड करायचा झाल्यास पीळ शक्य तितका कमी उघडा, दोन जोड शेजारी-शेजारी न करता मागे-पुढे करा, आणि नंतर बॅटरी काढलेल्या अवस्थेत दोन्हींमधला रोध मोजा. दोन टोकांना 120-120 ओहमचे रोधक असल्यामुळे तो सामान्यतः 60 ओहमच्या जवळ यायला हवा. अर्थिंग नसलेल्या स्वस्त इस्त्रीच्या टोकावर गळतीचा दाब येऊ शकतो, त्यामुळे ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) कपलर काढून ठेवा आणि इस्त्री लावायचे तीन पिनांचे सॉकेट खरोखर अर्थ केलेले आहे का ते एकदा तपासून घ्या. मीटरच्या किंवा रिलेच्या सर्किट बोर्डवरील तडकलेले जोड बोर्ड गाडीतून काढून, टेबलावरच करावेत. जुने सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीने) उचलून नवे लावावे, एवढे तूर्त पुरे.

तुमच्या या गाडीपुरते सांगायचे तर जोडाकडे जाण्यापूर्वी बल्ब पाहा. मूळ एच-4 बल्ब 60/55 वॉटचा असतो, म्हणजे हाय-बीमला 60 आणि लो-बीमला 55. दोन लो-बीम मिळून साधारण 9 अँपिअर घेतात. अनेक मालक 100/90 चे बल्ब बसवतात आणि त्याच वायरवर 15 अँपिअर येतात. तसे असेल तर वायर तापून आधीच कडक झालेली असेल आणि तुमचा प्रत्येक नवा जोड त्या मेलेल्या वायरवर होत असेल. मूळ बल्ब लावा, किंवा मालक ऐकतच नसेल तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून जाड वायर टाका; मात्र जुना फ्यूज वाढवून प्रश्न सोडवू नका, कारण फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो.

जोड तपासताना मल्टिमीटरच्या ‘पीं’ आवाजावर विसंबू नका. तारेचा एकच केस शिल्लक असला तरी तो आवाज येतो. दिवे चालू ठेवून मीटर व्होल्टवर लावा आणि एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरे पलीकडे धरा. चांगल्या जोडावर 0.1 व्होल्टपेक्षा कमी दिसले पाहिजे. 9 अँपिअर वाहताना 0.9 व्होल्ट दिसले तर त्या जोडात 0.1 ओहम रोध आहे आणि तिथे आठ वॉट उष्णता निर्माण होत आहे. बंद स्लीवच्या आत तेवढी उष्णता प्लास्टिक वितळवायला पुरते.

आधी खराब भाग दोन्ही बाजूंना उजळ तांबे लागेपर्यंत कापा, इंजिनाजवळचा जोड असल्यामुळे थिंबल आणि गोंदाची स्लीव वापरा, क्लिप लावा आणि दिवे दहा मिनिटे चालू ठेवून वरील मोजणी करा. आकडा 0.1 च्या वर आला तर बल्बचे वॉट, वायरची जाडी आणि मोजलेले व्होल्ट येथे लिहा. त्यावरून दोष जोडात आहे की मागच्या अर्थच्या बोल्टमध्ये, हे सांगता येईल.