नवा डाएट, नवं वर्कआउट आणि जुनी भीती

उन्हाळी शिबिरं संपून कॉलेजं सुरू झाली की इंदूरमधल्या आई-वडिलांची एक काळजी समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येते. मुलगा खेळात चांगला आहे, चिमणबागेत किंवा नेहरू स्टेडियमवर नेमाने जातो, पण हल्ली सरांचं ऐकत नाही. मोबाईलवर काहीतरी बघतो आणि दर पंधरा दिवसांनी नवं खूळ सुरू करतो. कधी भात-पोळी बंद, कधी सकाळचं खाणं बंद, कधी बर्फाच्या पाण्यात बसणं. ‘ताई, सर सांगतात तेवढंच कर, असं तुम्ही त्याला सांगा. आमचं काही तो ऐकत नाही.’

असं सांगून काही होत नाही. शिवाय नवं करून बघण्याची इच्छा हा काही दोष नाही, खेळ पुढे जातो तो त्याच इच्छेमुळे. मुलगा काय करतोय यापेक्षा ते तो कधी सुरू करतो आणि कधी सोडतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ओंकारची गोष्ट त्यासाठीच सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

ओंकार वीस वर्षांचा, लोकमान्य नगरात राहणारा, 1500 मीटर धावणारा. त्याची सगळ्यात चांगली वेळ 4 मिनिटं 3 सेकंद होती आणि दोन वर्षं तिथेच अडकली होती. 4 मिनिटांच्या आत यायचं, एवढा एकच ध्यास. पहिल्या भेटीत आईच जास्त बोलली. ‘घरात डाळ शिजते, पोळ्या होतात आणि हा दुपारी बारापर्यंत नुसत्या पाण्यावर! पहाटे साडेपाचला उपाशीपोटी पळतो. काही बोललं की म्हणतो, तुम्हाला कळत नाही.’

त्याला खरंच बरंच कळत होतं. कीटो, म्हणजे भात-पोळीसारखी कर्बोदकं जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, त्याने का केला हे विचारल्यावर चरबी जाळण्याची सगळी प्रक्रिया त्याने मला समजावून सांगितली. मग मी त्याला 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाबद्दल विचारलं. लुईस बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतीत चालणाऱ्या अव्वल खेळाडूंना तीन आठवडे असा आहार दिला होता. त्यांचं शरीर चरबी जास्त जाळायला लागलं, पण तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागू लागला. भरपूर कर्बोदकं खाणाऱ्यांची शर्यतीतली वेळ सुधारली, यांची सुधारली नाही. ओंकार शांतपणे म्हणाला, ‘वाचलंय मी ते.’ म्हणजे माहितीची कमतरता नव्हतीच. अशा मुलांना आणखी माहिती देत बसणं म्हणजे पोट भरलेल्याला आग्रह करकरून वाढणं.

नॉर्वेच्या धावपटूंसारखं एकाच दिवशी दोनदा थ्रेशोल्ड धावणंही, म्हणजे दम तुटायच्या जरा अलीकडच्या वेगाने धावणं, त्याने करून पाहिलं होतं. तिथे मधे मधे रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारं द्रव्य) मोजतात आणि वेग मुद्दाम आवरून धरतात. याच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. दोन्ही वेळा जीव तोडून धावला आणि नडगी दुखावून बसला.

मी त्याला एक काम दिलं. वर्षभरातला प्रत्येक प्रयोग कधी सुरू केला, कधी थांबवला आणि त्याच्या आगेमागे कोणती स्पर्धा होती, एवढंच लिहून आण. पुढच्या वेळी तो वहीचं पान घेऊन आला. आम्ही ते दोघांच्या मधे टेबलावर ठेवलं.

‘काय दिसतंय?’

‘खूप केलं मी.’

‘तारखा बघ.’

त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. उपास स्पर्धेच्या बारा दिवस आधी सुरू. कीटो तीन आठवडे आधी सुरू, स्पर्धेनंतर दोन दिवसांत बंद. नॉर्वेची पद्धत जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर. त्याचं बोट हळू झालं.

‘स्पर्धेत मागे पडलास की घरी काय सांगायचास?’

‘की... अजून बॉडी ॲडजस्ट होतेय.’

‘म्हणजे हरलं कोण?’

तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. अशा वेळी मी मधे बोलत नाही. समोरच्याचं मन स्वतःच्या पायाने तिथवर आलेलं असतं, ढकलायची गरज नसते. शेवटी म्हणाला, ‘पद्धत हरली.’ आणि मग, अगदी खालच्या आवाजात, ‘मॅडम, सगळं नीट केलं, सरांचं सगळं ऐकलं आणि तरी चारच्या आत नाही आलो तर?’

ही त्याची खरी भीती होती. नवी पद्धत चालू असेपर्यंत निकाल लागतच नाही, तो पुढच्या महिन्यावर ढकलता येतो. मी वर्षानुवर्षं बघत आलेय की माणूस परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दल स्वतःला जे सांगतो, त्याने जास्त बांधला जातो. ‘चारच्या आत आलो नाही तर मी कोणीच नाही,’ हे वाक्य ओंकारने कधी तपासलंच नव्हतं. खाण्यावर इतके प्रयोग केले, या वाक्यावर एकही नाही. पुढच्या काही भेटी आम्ही त्या एका वाक्यावरच काम केलं. धावण्याची वेळ ही त्याच्या धावण्याची असते, त्याच्या लायकीची नसते, हे पटायला वेळ लागतो. त्याला तो लागला, आणि मी तो लागू दिला.

मग त्याच्या सरांना बोलावलं. ते एक लांब रजिस्टर घेऊन आले. 1000 मीटरच्या पाच फेऱ्या: 2:52, 2:53, 2:54, 2:58, 3:03. शेजारी लाल पेनाने लिहिलेलं, ‘उपाशी’. अशी कितीतरी पानं. उपाशी दिवसांत शेवटच्या दोन फेऱ्या घसरत होत्या आणि सरांनी मुकाट्याने टिपून ठेवलं होतं. ओंकारने ती पानं पहिल्यांदाच पाहिली. मी सरांना म्हटलं, हे त्याला दाखवा. रागावण्याऐवजी हेच दाखवा.

ओंकारला आठवड्यातून दोन दिवस वजनांचा व्यायाम करून बघायचा होता. सर तयार नव्हते. ‘मॅडम, लड़का भारी हो जाएगा.’ जड वजनांच्या व्यायामाने लांब पल्ल्याच्या धावपटूंची तेवढ्याच वेगाला ऊर्जा कमी खर्च होते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. तरी मी बाजू घेतली नाही. दोघांनी मिळून आधीच लिहून ठेवायचं ठरलं: आठ आठवडे, स्पर्धा नसताना, आठवड्यातून दोन दिवस. दुसरं काहीही बदलायचं नाही. तपासायचं त्याच पाच फेऱ्यांनी, त्याच वेळी, त्याच मैदानावर. आणि नडगी पुन्हा दुखली तर त्याच दिवशी थांबायचं.

आठ आठवड्यांनी शेवटच्या दोन फेऱ्या 2:56 आणि 2:57 आल्या. वजन जवळपास तेवढंच. आता सरांच्या गटातली बाकीची मुलंही वजनं उचलतात. ओंकार त्या हंगामात 4:01 धावला. चारच्या आत अजून आलेला नाही, आणि त्या रात्री तो घरी नीट जेवला, असं आईने सांगितलं.

पालकांनी कोच निवडताना माझ्या मते एवढं जरूर बघावं: मुलाने ‘हे का करायचं?’ विचारलं तर कोच उत्तर देतो का, नोंद ठेवतो का, आणि ‘मला माहीत नाही, करून बघू’ म्हणायची त्याची तयारी आहे का. ‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर दहा वर्षांच्या मुलाला एक वेळ पुरतं, सतराव्या वर्षी पुरत नाही, आणि मग मूल मोबाईलकडे वळतं.

खाण्याच्या बाबतीत स्पर्धेच्या दिवशी नवं काही नको, हा नियम कडक ठेवा. आपले पोहे पहाटे जमत नसतील तर निदान केळं किंवा दोन खजूर पोटात जाऊ द्यात, आणि पळून आल्यावर पोहे-दूध. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला साधारण 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. शाकाहारी घरात वाटीभर शिजलेल्या डाळीतून सहा-सात ग्रॅमच मिळतात, म्हणून दही, पनीर, सोयाबीन रोज हवं. पावडरीचा डबा मात्र कोच आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये. लेबलवर नसलेलं बंदी असलेलं द्रव्य चाचणीत सापडलं तर नाडाच्या (खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नियमांप्रमाणे उत्तर खेळाडूलाच द्यावं लागतं, दुकानदाराला नाही.

मोबाईल काढून घेऊ का, असंही विचारतात. नका काढू. काय बघतोस ते मलाही दाखव, म्हणा, आणि मग विचारा की हे तू कोणत्या तारखेला सुरू करणार आणि पुढची स्पर्धा कधी आहे.

काही बाबतीत मात्र माझ्याकडे यायच्या आधी डॉक्टरकडे जा. मुलगी कमी खाऊन जास्त पळतेय आणि तीन महिने पाळी आली नाही, हाडाला पुन्हा पुन्हा तडा जातोय, मूल चारचौघांत जेवायचं टाळतंय किंवा जेवणानंतर बाथरूममध्ये वेळ काढतंय, तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ असं कोणी कितीही सांगितलं तरी थांबू नका. रक्ततपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. समुपदेशन त्यानंतर सुरू करू.