उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे का?

'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' किंवा 'वाटतं' दिसलं की उत्प्रेक्षा, एवढं पाठ करूनही सराव पेपरात चुकतं असं तुम्ही लिहिलंय. चुकणारच. 'ती सारखी रडते' यात 'सारखी' आहे, उपमा कुठंय? 'पाऊस येईल असं वाटतं' हा नुसता अंदाज आहे. असल्या युक्त्या शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि त्याला कारण आहे.

आमचा आज्जा हरिपूरला हळदीच्या पेवांवर हमाल होता. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमाशी हे गाव. तिथल्या मातीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र भलंमोठं. उघडल्या उघडल्या कुणी आत जायचं नाही, हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरणार.

आमची आजी कमी बोलायची. अख्ख्या गल्लीतल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करून जायच्या, पण एकीचं दुसरीला कधी कळलं नाही. आज्जा म्हणायचा, "हिचं पोट म्हंजे हरिपूरचं पेव. त्वांड एवढंसं, आत किती साठलंय कुणाला ठावं!"

नववीच्या सहामाहीत रूपकाचं उदाहरण विचारलं होतं, दोन मार्कांना. मी हेच वाक्य लिहिलं. सरांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पुस्तकातील उदाहरण द्यावे.' शून्य. घरी आज्जानं विचारलं, "माझ्या वाक्याला किती?" मी सांगितलं, दोनापैकी दोन. थोरला दादा तेव्हापासून सरांचीच बाजू घेतो. घरातलं बोलणं वेगळं, साहित्य वेगळं, असं त्याचं म्हणणं.

आता तुम्हीच बघा. 'पोट पेवासारखं खोल' ही उपमा, दोन वस्तू वेगळ्या राहून साम्य सांगितलंय. 'पोट जणू पेवच' ही उत्प्रेक्षा, पोट हेच पेव असावं अशी कल्पना केलीय. 'पोट म्हणजे पेव' म्हटलं की दोन्हींत भेद उरला नाही, म्हणून रूपक. 'हे पोट नव्हे, पेव आहे' म्हणून पोटच नाकारलं तर अपन्हुती. 'पेवाहून खोल' म्हटलं तर व्यतिरेक. नामदेवांचं 'अमृताहूनि गोड नाम तुझे देवा' हे त्याचंच उदाहरण. आणि 'आजीसारखी आजीच' हा अनन्वय, तुलनेला दुसरं कुणी सापडलंच नाही. एकाच हमालाच्या एका वाक्यातून सहा अलंकार निघाले. पुस्तकात सुटी सुटी सहा उदाहरणं पाठ करण्यापेक्षा घरातलं एक वाक्य असं फिरवून बघा, परत विसरणार नाही.

गेल्या दिवाळीत दादा म्हणाला, "गावात क्लासेसचं पेव फुटलंय." मी विचारलं, पेव म्हणजे काय रे? त्याला सांगता येईना. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, हळदीचं नुकसान झालं, तेव्हा हा सांगलीतच होता. त्याचं साहित्य ज्या शब्दांवर उभं आहे ते आमच्या आज्जानं पाठीवर वाहिलेत, एवढं त्यानं कबूल करावं.

हां, एक राहिलं. 'पेव फुटणे' पेपरात आलं तर वाक्प्रचार म्हणूनच खूण करा. तिथं लक्षणा आहे, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घ्यायचा, शब्दशः काही फुटत नाही. आणि परीक्षा तोंडावर असेल तर पुस्तकातली उदाहरणंही पाठ करा, प्रश्न बहुतेक त्यांवरच येतात. 'जणू', 'गमे', 'भासे' यांकडे लक्ष ठेवायला हरकत नाही, फक्त उपमेय (ज्याची तुलना होते ते, इथं पोट) आणि उपमान (ज्याच्याशी होते ते, इथं पेव) दोन्ही सापडल्याशिवाय खूण करू नका.