‘सरपंच प्रतिनिधी’ आणि ‘समान प्रतिनिधित्व’

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे : गावातल्या फलकांवर सरपंचबाईंच्या यजमानांच्या फोटोखाली ‘सरपंच प्रतिनिधी’ असं छापतात, ते बरोबर आहे का? आणि निम्म्या जागा बायकांना ठेवल्या म्हणजे ‘समान प्रतिनिधित्व’ झालं, असं म्हणता येईल का?

व्याकरणाने शब्दात खोट नाही. सरपंचाचा प्रतिनिधी, सरळ षष्ठी तत्पुरुष. जोडून लिहावा, एवढंच. अडचण अर्थाची आहे. प्रतिनिधी म्हणजे मुळात बदली. यज्ञाला सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या जागी जे वापरायचं ते प्रतिनिधी : सोम ही वनस्पती नसेल तर पूतिका ही दुसरी वनस्पती. मीमांसकांनी, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, यावर भरपूर खल केला आणि एक मर्यादाही घातली. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, यजमानाला चालत नाही, कारण यज्ञाचं फळ त्याचं असतं. (फलकावरचे यजमान निराळे.)

मराठी राज्यकारभारात हा शब्द आला तो राजाच्या बाजूने. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधीपद निर्माण करून ते प्रल्हाद निराजींना दिलं; पुढे औंधच्या घराण्याची ओळखच ‘पंतप्रतिनिधी’ झाली. वरच्याच्या वतीने खालच्यांशी बोलणारा, असा तो अर्थ. खालच्यांच्या वतीने वर बोलणारा हा अर्थ निवडणुकांबरोबर रुजला आणि तो ठसवायला आधी ‘लोक’ जोडावं लागलं. म्हणून ‘लोकप्रतिनिधी’ला मी पुनरुक्ती म्हणणार नाही. आपल्या मराठवाड्यात तर हा अर्थ अंगवळणी पडायला उशीरच झाला. निजामाच्या राज्यात प्रत्येक प्रौढाला मत नव्हतं. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं आणि १९५२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा सगळ्यांनी मत टाकलं.

फलकावरचा शब्द औंधच्या अर्थाचा आहे. बाई निवडून आल्या गावाच्या वतीने, आणि हे गृहस्थ बाईंच्या वतीने गावाशी बोलतात! कायद्यात असं पद नाही. सरपंच गैरहजर असतील तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार त्यांचं काम उपसरपंच पाहतो. तेव्हा बातमीत, निमंत्रणपत्रिकेत ‘सरपंचांचे पती’ लिहावं. ठरावात तर त्यांचं नाव यायचं कारणच नाही.

आता ‘समान प्रतिनिधित्व’. आपण हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो आणि तिथेच घोळ होतो. एक, माझ्या मताचं वजन तुमच्याइतकंच असणं. दुसरी, सभागृहात माझ्यासारखी माणसं पुरेशी दिसणं. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा आहेत, त्या दुसऱ्या गोष्टीसाठी; तिथे ‘निम्मं प्रतिनिधित्व’ म्हणणं नेमकं. (‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ ही संज्ञा आणखी वेगळी : मतांच्या प्रमाणात जागा.)

पहिल्या गोष्टीचीही हमी राज्यघटना ‘शक्य असेल तिथवर’ अशीच देते. मतदारसंघांची लोकसंख्या सारखी ठेवायची, पण लक्षद्वीपचा खासदार साठ हजारांच्या आतल्या मतदारांचा आणि तेलंगणातल्या मलकाजगिरीचा तीस लाखांहून अधिकांचा. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तर ‘मतमूल्य’ हा शब्दच रूढ आहे : महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७, तेही १९७१ च्या लोकसंख्येवरून.

लांब कशाला जायचं? मराठवाड्यातून आठ लोकसभेला आणि सेहेचाळीस विधानसभेला निवडून जातात, त्यात प्रत्येकाला दोन्हीकडे एकेकच मत. विधान परिषदेला मात्र आठही जिल्ह्यांचा मिळून एक पदवीधर मतदारसंघ आहे आणि एक शिक्षक मतदारसंघ. नोंदणी केलेल्या पदवीधराला एक मत जास्तीचं. तो माध्यमिक शाळेत शिकवत असेल तर आणखी एक. बारावीनंतर शेतात उतरलेल्या त्याच्या भावाला यातलं एकही नाही. म्हणून विधानसभेबद्दल लिहिताना ‘समान मताधिकार’ लिहा, तो खरा आहे. ‘सर्व नागरिकांना समान प्रतिनिधित्व’ हे मागणीच्या निवेदनात शोभतं. वस्तुस्थिती म्हणून लिहू नका.