डिऑन्टिक लॉजिक, म्हणजे कर्तव्य, परवानगी आणि मनाई यांचं तर्कशास्त्र, प्रोग्रामरच्या खरंच काही कामाचं आहे का, परवानगी तपासायला इफ-एल्स पुरत नाही का?

सगळे नियम पाळतात तोवर पुरतं. म्हणजे नाही पुरत.

मी एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवर होतो. रात्री दोनला कॅज्युअल्टीतून सिस्टरांचा फोन, पेशंट बेशुद्ध, सोबत कुणी नाही, जुनी फाईल यादीत दिसतेय पण उघडत नाही कारण ती दुसऱ्या डिपार्टमेंटची, स्क्रीनवर नुसतं 'परवानगी नाही'. मी घरून थेट डेटाबेसमध्ये शिरलो आणि ॲलर्जीचा रकाना वाचून दाखवला, पेनिसिलिन. सिस्टरांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

सकाळी टीम लीडने मलाच झापलं. रोल नसेल तर मनाई, मनाई म्हणजे मनाई, तू नियम मोडलास. मोडलाच. पण मोडल्यावर काय करायचं हे त्याच्या कोडमध्ये कुठे होतं? मी फाईल बघितल्याची साधी नोंदसुद्धा कुठे राहिली नाही.

तत्त्वज्ञ फॉन राइटने १९५१ मध्ये डिऑन्टिक लॉजिक मांडलं, त्याचा गाभा एवढाच की 'केलं पाहिजे' यावरून 'केलं जातं' असं निघत नाही. पुढे १९६३ मध्ये चिझम या तत्त्वज्ञाने कोडं घातलं: शेजाऱ्याच्या मदतीला गेलं पाहिजे, जाणार असाल तर येतो म्हणून कळवलं पाहिजे, जाणार नसाल तर कळवायचं नाही, आणि माणूस जातच नाही. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण रूढ सूत्रांत मांडलं की 'कळव' आणि 'कळवू नको' दोन्ही गळ्यात पडतात. कर्तव्य चुकल्यानंतरचं कर्तव्य, ते तिथे बसत नाही. माझ्या लीडच्या डोक्यातही बसलं नाही.

एक्सएसीएमएल या परवानग्यांचे नियम लिहायच्या भाषेत बघा, 'परमिट'सोबत 'ऑब्लिगेशन' जोडता येतं, म्हणजे उघडू दे पण नोंद कर, आणि नोंद करणं जमणार नसेल तर उघडायचंच नाही. पुढच्या नोकरीत मी हेच बसवलं, ब्रेक-ग्लास बटण: कारण टाइप करा, फाईल उघडते, सकाळी यादी रेकॉर्ड विभागाकडे जाते.

आता शेवटी हे सगळं इफ-एल्सनेच लिहावं लागतं हे खरं, आणि सगळीकडे असं बटण नको, पैसे काढायच्या व्यवहाराला तर नकोच. सिद्धता वगैरे नाही वाचल्या तरी चालेल. पण लीड 'मनाई म्हणजे मनाई' म्हणाला की मोडल्यावर काय हे त्याच मीटिंगमध्ये विचारा, लेखी घ्या. मी तेव्हा गप्प बसलो होतो.