फोर्ड मॉडेल ए ची बॅटरी दिवसा उकळते आणि रात्री दिवे लावले की उतरते. अल्टरनेटर बसवावा का?

अल्टरनेटरचं नंतर बघू. आधी सांगा, डायनामोच्या तिसऱ्या ब्रशला (चार्जिंग कमी-जास्त करायला सरकवतात तो) शेवटचा हात कोणी लावला? आमच्याकडे आतेभावाने लावला होता, म्हणून हे एवढं लिहितोय.

आमची १९२९ ची, आजोबांची. सांगलीहून कोल्हापूरला निघाले की आजोबा भर दुपारी हेडलाइट लावायचे. रस्त्यात पोरं ओरडायची, "आजोबा, दिवे!" ते नुसता हात हलवायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, म्हातारपणी विसरायला लागलेत. आतेभाऊ डिप्लोमावाला, तो तर तोंडावर हसायचा.

आजोबा गेल्यानंतर चुलतबहिणीच्या लग्नात वरातीला हीच गाडी काढायची ठरली. वरात रात्रीची, दिवे लागणारच, म्हणून साहेबांनी तिसरा ब्रश आर्मेचर (डायनामोच्या आतला फिरता भाग) फिरतं त्या दिशेने सरकवला आणि अँमीटरचा काटा १८ अँपिअरवर नेला. "बॅटरी टम्म भरू दे." मग आठवडाभर दिवे न लावता गावभर चकरा. लग्नाच्या दिवशी सकाळी पायाखालची फळी उचलली तर नाकात झोंबणारा वास, बुचांतून ॲसिड उतू गेलेलं, तिन्ही सेलमध्ये प्लेटा उघड्या. डिस्टिल्ड वॉटर ओतलं आणि देवाचं नाव घेतलं.

वरातीत गाडी चालते बँडवाल्याच्या चालीने. इंजिन आयडलला, डायनामोचा व्होल्टेज बॅटरीपर्यंत पोचत नाही, कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप स्विच) मिटतच नाही. म्हणजे दिवे, इग्निशन सगळा भार बॅटरीवर. दुसरं गाणं संपेस्तोवर हेडलाइटचे कंदील झाले, तिसऱ्याला गाडी गचके खाऊन बंद. हँडल मारूनही उपयोग नाही, कारण हिचं इग्निशन बॅटरीवर. मॉडेल टी असती तर मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर, निघाली असती. शेवटी ढोलवाल्यांनी ढकलली. नवरानवरी आत बसून, आत्या रडकुंडीला.

आजोबांचं गणित नंतर मला कळलं. या डायनामोला रेग्युलेटर नाही. तिसरा ब्रश फक्त करंट किती जावा ते ठरवतो. बॅटरी भरली की रिकामी, हे त्याला कळत नाही. उलट भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज चढतो, तो फील्डला (डायनामोत चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीला) मिळतो आणि चार्जिंग अजून वाढतं. म्हणून लांबच्या प्रवासात दिवसा दिवे लावून जादाचा करंट जाळायचा. त्या काळातल्या काही इंग्रजी गाड्यांना तर याच कामासाठी उन्हाळा-हिवाळ्याचं बटणच असायचं.

तुम्ही ब्रश मागे घ्या. मी दिवे बंद ठेवून ८-१० अँपिअरवर ठेवतो. रात्री जास्त फिरायचं असेल तर थोडा पुढे, दुसऱ्या दिवशी परत मागे. कंटाळा येत असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. पाणी दर पंधरा दिवसांनी बघा. अँमीटरवर विसंबू नका, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घ्या. १२६० च्या वर असेल तर दिवे लावून फिरा.

अल्टरनेटर मला पटत नाही. पण खरंच रोज रात्री चालवत असाल तर ६ व्होल्टचा बसवा, बाबा. फक्त हिचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, त्याच जातीचा मागा; उलटा जोडलात तर जागच्या जागी जळेल.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: बॅटरी काढून इंजिन चालू करू नका, व्होल्टेज मोकाट सुटून फील्ड जळतं. इंजिन बंद केल्यावरही काटा मायनसला टेकलेला असेल तर कटआउटचे पॉइंट चिकटलेत. आधी बॅटरीची वायर काढा, मग विचार करा. आणि उकळत्या बॅटरीवर वाकून बिडी ओढू नका.

आतेभाऊ अजून म्हणतो, बॅटरीच जुनी होती. चार महिन्यांची होती. पावती माझ्याकडे आहे.